सायकलच्या डिस्क ब्रेकमधील जखडलेले स्क्रू

सायकलच्या डिस्क ब्रेकमधील लहान स्क्रू, बोल्ट व पिना गंजामुळे अथवा अन्य कारणाने आपल्या आट्यांत घट्ट बसतात व नेहमीच्या हत्याराने फिरेनाशा होतात. या स्थितीस स्क्रू जखडणे, किंवा बोलीभाषेत स्क्रू जाम होणे, असे म्हणतात. दोष दिसायला क्षुल्लक असला तरी त्याचा संबंध थेट सायकल थांबण्याशी आहे. झिजलेले पॅड वेळेवर बदलता आले नाहीत, तर त्यांवरील घर्षणद्रव्य संपते व पाठीमागची धातूची पट्टी चकतीवर घासू लागते. ब्रेकची पकड घटते आणि चकतीही खराब होते. काही रुपयांच्या स्क्रूपायी संपूर्ण कॅलिपर किंवा चाकाचा हब टाकून द्यावा लागतो, तो कधी दुर्लक्षामुळे, तर कधी उतावीळपणे केलेल्या दुरुस्तीमुळे.

जखडणारे भाग

डिस्क ब्रेकमध्ये चाकाच्या हबला पोलादी चकती जोडलेली असते आणि फ्रेमवर किंवा पुढच्या फोर्कवर बसवलेला कॅलिपर दोन पॅडांच्या साहाय्याने ती दाबून धरतो. प्रचलित सहा-बोल्टी पद्धतीत चकती 44 मिमी व्यासाच्या वर्तुळावरील सहा एम5 बोल्टांनी बसवतात. या बोल्टांच्या डोक्यात बहुधा टी25 मापाची, सहा पाकळ्यांची टॉर्क्स खाच असते. शिमानोच्या सेंटरलॉक पद्धतीत सहा बोल्टांऐवजी एकच मोठे कडे असते व ते सुमारे 40 न्यूटन-मीटर बलाघूर्णाने आवळतात. कॅलिपर फ्रेमला धरून ठेवणारे बोल्ट तुलनेने जाड असल्याने क्वचितच त्रास देतात.

सर्वाधिक तक्रार असते ती पॅडच्या पिनेची. ही बारीक पिन कॅलिपरमधून आरपार जाऊन दोन्ही पॅडांना जागेवर ठेवते. काही कॅलिपरांत ती दुमडून बसवायची साधी दुपाती पिन असते, तर काहींत तिला आटे असतात. शिमानोच्या अनेक कॅलिपरांतील आटेदार पिनेच्या डोक्यावर पेचकसासाठी साधी सरळ खाच असते. ती आवळण्यासाठी सांगितलेले बलाघूर्ण केवळ 0.1 ते 0.3 न्यूटन-मीटर, म्हणजे बोटांच्या चिमटीतल्या जोराइतके आहे. पिन निसटू नये याची जबाबदारी टोकावरील छोट्या क्लिपची असते, आवळण्याची नव्हे. ही गोष्ट ध्यानात न घेता पिन जोराने आवळली जाते आणि पुढच्या पावसाळ्यानंतर ती हलत नाही.

कारणे

कॅलिपर व हब सामान्यतः अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, तर स्क्रू पोलादाचे असतात. दोन भिन्न धातूंच्या सांध्यात खारट ओलावा शिरला की तेथे लहानसा विद्युत्घट तयार होतो आणि अधिक क्रियाशील असलेले अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते. यास गॅल्व्हॅनिक संक्षारण म्हणतात. या क्रियेत तयार होणारी पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापते व आट्यांमधील सूक्ष्म फट भरून टाकते. पोलादावरील तांबूस गंजही असाच फुगतो. स्क्रू स्टेनलेस आहे म्हणून निर्धास्त राहणे मात्र चुकीचे ठरते. तो स्वतः गंजला नाही तरी शेजारच्या अ‍ॅल्युमिनियमचे संक्षारण होतच असते. कोकण व गोव्याची खारी हवा, थंड देशांत हिवाळ्यात रस्त्यावर टाकले जाणारे मीठ आणि स्वाराचा घाम यांमुळे ही क्रिया वेगाने घडते.

चकतीच्या बोल्टांबाबत आणखी एक कारण संभवते. कंपनाने बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून त्यांच्या आट्यांवर चिकट बंधकद्रव्य लावलेले असते. असा बोल्ट पहिल्यांदा उघडताना जड जातो, पण तो गंजलेला असतोच असे नाही.

काढण्याची पद्धत

प्रथम चाक काढून बाजूस ठेवतात. पॅडच्या पिनेबाबत टोकावरील क्लिप काढली आहे ना, हे पाहणे आवश्यक असते. ती राहून गेल्यामुळेच पिन जखडल्याचा समज पुष्कळदा होतो. डोक्यातील खाचेत साचलेली माती दाभणाने कोरून काढतात, कारण हत्यार पूर्ण खोल बसले नाही तर खाच झिजते. टॉर्क्स खाचेत षट्कोनी अ‍ॅलन की घालून काम भागवणे हे बोल्टचे डोके खराब होण्याचे नेहमीचे कारण आहे. सरळ खाचेसाठी पेचकसाचे पाते खाचेच्या पूर्ण रुंदीचे असावे लागते.

हत्यार बसवून त्यावर हातोडीने दोन-तीन हलके ठोके दिल्यास गंजाची पकड तुटण्यास मदत होते. नंतर हत्यार शरीराच्या भाराने दाबून धरून स्क्रू आधी किंचित आवळण्याच्या दिशेने व मग उलट, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरवतात. तेवढ्याने न भागल्यास गंज सोडवणारे तेल वापरतात. येथे फवाऱ्याचा मोह टाळावा लागतो: पॅड तेल शोषून घेतात आणि तेलकट पॅडांनी ब्रेक लागत नाही. म्हणून तेलाचा एकच थेंब सुईच्या टोकाने आट्यांच्या तोंडाशी सोडून रात्रभर थांबतात. पिन अडकलेली असल्याने पॅड आधी काढता येत नाहीत; तेव्हा या कामात जुने पॅड वाया गेले असेच धरून चालावे.

उष्णतेचाही उपयोग होतो. दर अंश सेल्सिअसला अ‍ॅल्युमिनियम दशलक्षांत सुमारे 23 भाग, तर साधे पोलाद सुमारे 12 भाग प्रसरण पावते. त्यामुळे तापवल्यावर अ‍ॅल्युमिनियममधील भोक पोलादी स्क्रूपेक्षा अधिक मोठे होते. बंधकद्रव्यही उष्णतेने मऊ पडते. यासाठी डाख देण्याच्या इस्त्रीचे तापलेले टोक स्क्रूच्या डोक्यावर धरणे पुरेसे असते. ज्योतीचा वापर केल्यास कॅलिपरमधील रबरी सील व कार्बनची फ्रेम यांना धोका पोहोचतो. आधी लावलेले तेल ज्वालाग्राही असल्याने ते तापवण्यापूर्वी पुसून घेतात.

डोके खराब झाल्यास

खाच झिजू लागल्याचे जाणवताच थांबणे इष्ट, कारण त्यापुढील प्रत्येक प्रयत्न उरलेली पकड कमी करतो. डोके बाहेर आलेले असल्यास ते लॉकिंग पक्कडीत धरता येते किंवा हॅकसॉच्या पात्याने त्यावर नवी खाच पाडता येते. चकतीच्या बोल्टचे डोके ड्रिलने उडवण्याचा मार्ग कठोर वाटला तरी बहुधा यशस्वी होतो: डोके गेले की ताण सुटतो, चकती निघते आणि हबमध्ये उरलेला दांडा पक्कडीने फिरू शकतो. पॅडची पिन चकतीच्या फटीत मधोमध कापून आतल्या बाजूने फिरवतात. तुटलेले स्क्रू काढण्याचे एक्स्ट्रॅक्टर नावाचे हत्यार इतक्या बारीक स्क्रूसाठी जोखमीचे आहे. त्याचे कठीण पोलादी टोक आतच मोडले तर साध्या ड्रिलने ते भेदता येत नाही. हायड्रॉलिक ब्रेकमधील तेल भरण्याच्या स्क्रूवर असले प्रयोग केल्यास तेलगळतीचा संभव असतो, त्यामुळे ते काम जाणकार मेकॅनिककडे सोपवलेले बरे.

स्क्रू निघाल्यावर आट्यांतील भुकटी व धातूचा कीस काढून नवा स्क्रू बसवतात. चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात आणि रस्त्यावर जाण्यापूर्वी मंद वेगात ब्रेक अनेकदा लावून पाहतात.

प्रतिबंध

पॅडची झीज तपासताना दरवेळी पिन पूर्ण बाहेर काढून पुसणे हा सर्वांत सोपा उपाय आहे; महाराष्ट्रात तो पावसाळ्यापूर्वी एकदा व नंतर एकदा करणे सोयीचे ठरते. आट्यांवर ग्रीसचा अगदी पातळ थर देतात, मात्र तो पॅडला लागू देत नाहीत. चकतीच्या बोल्टांना ग्रीसऐवजी बंधकद्रव्यच लावतात. त्यांसाठी उत्पादकानुसार साधारण 2 ते 6 न्यूटन-मीटर बलाघूर्ण सांगितलेले असते. सायकल धुताना पाण्याचा जोरदार झोत कॅलिपरवर मारत नाहीत.