नैसर्गिक मारक टी पेशींचा स्वप्रतिजनांना प्रतिसाद

नैसर्गिक मारक टी पेशी हा सस्तन प्राण्यांच्या प्रतिकारसंस्थेतील श्वेतपेशींचा एक लहान गट आहे. पूर्वी न भेटलेल्या रोगजंतूलाही काही तासांत प्रतिसाद देणे हा जन्मजात प्रतिकारशक्तीचा गुण, तर ग्राहीच्या साहाय्याने ठरावीक प्रतिजन ओळखणे हा अर्जित प्रतिकारशक्तीचा गुण होय. हे दोन्ही गुण या पेशींत एकत्र आढळतात; म्हणून त्यांची गणना जन्मजातसदृश टी पेशींमध्ये केली जाते. शरीराच्या स्वतःच्या मेदद्रव्यांनाही, म्हणजेच स्वप्रतिजनांनाही, प्रतिसाद देणे हे त्यांचे लक्षणीय वैशिष्ट्य आहे.

ग्राही आणि प्रतिजन

सर्वसाधारण टी पेशी प्रथिनांचे लहान तुकडे ओळखतात. हे तुकडे ज्या रेणूंवर मांडले जातात ते व्यक्तिगणिक भिन्न असतात. अवयवरोपणात दात्याची जुळणी पाहावी लागते ती यामुळेच. नैसर्गिक मारक टी पेशी मात्र मेद आणि शर्करायुक्त मेद ओळखतात. हे प्रतिजन सीडी१डी नावाच्या रेणूच्या खोबणीत बसवलेले असतात आणि हा रेणू सर्व माणसांत जवळजवळ एकसारखा असतो.

या पेशींच्या मुख्य उपगटात ग्राहीची अल्फा साखळीही ठरलेली असते. त्यामुळे या उपगटास 'अपरिवर्ती' असे विशेषण लावतात. उंदराच्या यकृतात या पेशी विपुल असतात. मानवी रक्तात त्यांचे प्रमाण टी पेशींच्या १ टक्क्याहून सहसा कमीच असते.

थायमस ग्रंथीतील घडण

टी पेशींची निवड थायमस (यौवनलोपी) ग्रंथीत होते. स्वतःच्या शरीरघटकांना तीव्र प्रतिसाद देणाऱ्या बहुतेक टी पेशी तेथेच नष्ट केल्या जातात. नैसर्गिक मारक टी पेशींच्या बाबतीत उलट घडते. शेजारच्या अपक्व टी पेशी आपल्या सीडी१डी रेणूवर स्वतःचे मेद मांडतात आणि त्यांच्याकडून मिळणाऱ्या प्रबळ संकेतामुळेच या पेशी टिकून राहतात. स्वप्रतिजनाची ओळख ही त्यांच्या जन्माचीच अट ठरते.

पुढे पीएलझेडएफ हा जनुक-नियंत्रक घटक कार्यरत होतो. त्याचे महत्त्व २००८ मध्ये स्पष्ट झाले. या घटकामुळे त्या अनुभवी पेशींप्रमाणे सज्ज अवस्थेत राहतात व उद्दीपन होताच इंटरफेरॉन-गॅमा, इंटरल्यूकिन-४ यांसारखी संदेशवाहक द्रव्ये मोठ्या प्रमाणात सोडतात.

स्वप्रतिजनाचा शोध

या पेशींचा पहिला प्रबळ उद्दीपक शरीरात नव्हे, तर समुद्रात सापडला. जपानमधील ओकिनावाजवळच्या एका समुद्री स्पंजातील अर्बुदविरोधी द्रव्यांच्या अभ्यासातून अल्फा-गॅलॅक्टोसिलसेरामाइड हे संयुग तयार झाले. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी ते सीडी१डीच्या द्वारे या पेशींना उद्दीपित करते असे दाखवले. २००५ मध्ये स्फिंगोमोनास जीवाणूंच्या भित्तिकेतील तत्सम मेदही ओळखले जातात, असे आढळले.

खरा स्वप्रतिजन कोणता, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ वादाचा राहिला. २००४ मध्ये आयजीबी३ या शर्करायुक्त मेदाचे नाव पुढे आले. परंतु तो बनवणारे विकर नसलेल्या उंदरांतही या पेशी यथास्थित घडतात आणि मानवात ते विकर कार्यक्षमच नसते, असे दिसून आल्यावर तो दावा दुबळा ठरला. २०११ मध्ये बीटा-ग्लुकोसिलसेरामाइड या सामान्य मेदाकडे लक्ष वेधले गेले. सस्तन प्राण्यांच्या पेशी केवळ बीटा रूपाचे असे मेद बनवतात, अशी तोवरची समजूत होती. २०१४ मध्ये अल्प मात्रेत अल्फा रूपही शरीरात असते आणि तेच प्रभावी ठरते, असे पुरावे मिळाले. त्याची मात्रा वाढू नये म्हणून विघटन करणारी विकरे सतत कार्यरत असतात.

दुहेरी संकेत

स्वतःच्या मेदांना प्रतिसाद देणाऱ्या या पेशी निरोगी शरीरावर सतत हल्ला का करत नाहीत? बहुतेक स्वप्रतिजनांशी त्यांच्या ग्राहीचे बंधन क्षीण असते आणि एकट्या त्या बंधनातून पूर्ण उद्दीपन होत नाही. जंतूंची चाहूल लागल्यावर भक्षक पेशी इंटरल्यूकिन-१२ सोडतात. हा दुसरा संकेत स्वप्रतिजनाच्या क्षीण संकेतास जोडला गेला की पेशी कार्यप्रवृत्त होते. ज्या जंतूंमध्ये ओळखता येण्याजोगे मेद नाहीत, त्यांच्याविरुद्धही या पेशी उपयुक्त ठरतात त्या याच यंत्रणेमुळे.

अन्य जन्मजातसदृश टी पेशी

मानवी रक्तातील काही गॅमा-डेल्टा टी पेशी आयसोपेंटेनिल पायरोफॉस्फेट या, कोलेस्टेरॉल निर्मितीच्या मार्गातील, स्वतःच्याच रेणूला प्रतिसाद देतात. अर्बुदपेशींत तो साठू शकतो. अस्थिविकारांवरील झोलेड्रोनेट या औषधानेही तो साठतो व या पेशी उद्दीपित होतात. जीवाणूंतील तत्सम रेणू त्याहून कितीतरी पटींनी प्रभावी असतो. एमआर१ रेणूवर अवलंबून असणाऱ्या श्लेष्मल टी पेशी मात्र मुख्यतः जीवाणूंच्या रायबोफ्लेविन (जीवनसत्त्व ब२) निर्मितीतील उपपदार्थ ओळखतात. हे २०१२ ते २०१४ या काळात उलगडले.

रोग आणि उपचार

स्वप्रतिजनांना मिळणारा प्रतिसाद हितकर की घातक, हे स्थळ व परिस्थितीनुसार ठरते. मेदऊतीत या पेशी इंटरल्यूकिन-१० सोडून दाह शमवतात. उलटपक्षी, रक्तपुरवठा खंडित होऊन पुन्हा सुरू झाल्यावर होणाऱ्या जंतुविरहित दाहात त्या ऊतींची हानी वाढवतात. दात्रपेशी रोगाच्या (सिकलसेल) उंदरांवरील प्रयोगांत फुप्फुसाच्या हानीशी त्यांचा संबंध आढळला. मात्र त्यांना शांत करण्यासाठी रुग्णांना दिलेल्या रेगाडेनोसन या औषधाचा अपेक्षित लाभ २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसला नाही.

सीडी१डी सर्व माणसांत जवळजवळ सारखाच असल्याने एका दात्याच्या या पेशी अनेक रुग्णांना देता येतील आणि त्या रुग्णाच्या निरोगी ऊतींवर हल्ला करण्याची शक्यता कमी राहील, अशी अपेक्षा आहे. त्या दृष्टीने कर्करोगाविरुद्ध जनुकीय बदल केलेल्या अशा पेशींच्या वैद्यकीय चाचण्या हाती घेण्यात आल्या आहेत.