मंडईतला पुतळा

सार्वजनिक पैसा कशावर खर्चावा, हा प्रश्न पुणे नगरपालिकेत जोतीराव फुले यांनी फार आधी उपस्थित केला होता. १८८० मध्ये लॉर्ड लिटन यांच्या स्वागतखर्चाला विरोध करणारे ते एकटेच सभासद. मंडईच्या भव्य इमारतीलाही त्यांचा विरोध होता. ती १८८६ मध्ये रे मार्केट म्हणून उभी राहिली. तेथेच १९२४ मध्ये मोतीलाल नेहरूंच्या हस्ते टिळकांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. पुढच्याच वर्षी केशवराव जेधे यांनी नगरपालिकेत फुल्यांच्या पुतळ्याचा ठराव मांडला; तो फेटाळला गेला. नगराच्या नावाने कोणाचे स्मरण व्हावे, हा खरा वाद होता.

त्याच रोषाच्या वातावरणात दिनकरराव जवळकरांचे 'देशाचे दुश्मन' अवतरले. टिळक-चिपळूणकरांवरील त्याची भाषा असभ्य होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु मराठी वादगद्याच्या इतिहासातून ते वगळता येत नाही. (चिपळूणकरांची फुल्यांवरील टीका तरी कोठे सौम्य होती?) खटला झाला, शिक्षा झाल्या, १९२६ मध्ये अपिलात डॉ. आंबेडकरांनी आरोपींची मुक्तता करविली.

पुढे मंडईला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. टिळकांचा पुतळा तिच्या आवारात अद्याप उभा आहे.