आजीच्या डबीतली अर्धी गोळी : झोपेच्या औषधांचा इतिहास (धागा)

१/ तीन वर्षांपूर्वी माझी आजी घरात पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. तिसऱ्या रात्री मात्र तिचे हात थरथरू लागले, अंगाला दरदरून घाम सुटला आणि कधीच वारलेल्या आजोबांशी ती मोठ्याने बोलू लागली. आम्ही सगळे म्हणालो, वयाचा परिणाम. रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरबाईंनी एकच प्रश्न विचारला : ‘आजींना घरी झोपेची गोळी चालू होती का?’

२/ होती. अठरा वर्षे. कुंकवाच्या एका जुन्या डबीत अल्प्राझोलामच्या गोळ्या असत. रोज रात्री अर्धी. रुग्णालयात दाखल करताना आम्ही रक्तदाबाची, मधुमेहाची औषधे नीट लिहून दिली होती. ही गोळी कोणालाच आठवली नाही. नंतर विचारले तेव्हा आजी म्हणाली, ‘ते काय औषध आहे होय? झोपेची गोळी ती.’ अठरा वर्षांची गोळी एकाएकी तुटली, म्हणून शरीराने बंड पुकारले होते.

३/ गोळी पुन्हा सुरू झाली आणि आजी सावरली. पुढे डॉक्टरांनी काही महिन्यांत ती हळूहळू कमी केली. मी वैद्यकाची नव्हे, इतिहासाची विद्यार्थिनी. त्यामुळे माझ्या मनात राहिला तो वेगळा प्रश्न : झोपेची गोळी म्हणजे ‘औषध’ नव्हे, डॉक्टरांना सांगण्याजोगी गोष्ट नव्हे, ही समजूत कोठून आली? आजचा धागा त्या शोधाचा.

४/ निद्रेची चिंता जुनीच आहे. चरकसंहितेत आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीने निद्रा हा शरीराचा एक आधारस्तंभ मानला आहे, आणि झोप आणणाऱ्या पदार्थांत म्हशीच्या दुधाला पहिला मान दिला आहे. युरोपात शतकानुशतके अफू आणि मद्य हेच उपाय होते. प्रयोगशाळेतून आलेल्या औषधांचे युग सुरू झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर.

५/ १८५७ साली लंडनचे डॉक्टर चार्ल्स लोकॉक यांनी अपस्मारावर पोटॅशियम ब्रोमाइड वापरल्याचे सांगितले. थोड्याच वर्षांत ते अस्वस्थ मनांचे आणि जागरणाचे सार्वत्रिक औषध झाले. खोट एकच होती. ब्रोमाइड शरीरातून अतिशय सावकाश बाहेर पडते. घेतलेल्यातले निम्मे जायलाच सुमारे बारा दिवस लागतात. रोजच्या मात्रेने ते साचत जाते आणि शेवटी भ्रम, भास, विस्मृती निर्माण करते. मनोरुग्णालयात दाखल होणाऱ्या काहींचे ‘वेड’ प्रत्यक्षात त्यांच्या औषधाच्या बाटलीतून आलेले असे.

६/ याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे इंग्रज कादंबरीकार इव्हलिन वॉ. निद्रानाशासाठी ते वर्षानुवर्षे क्लोरल आणि ब्रोमाइड यांचे मिश्रण घेत. १९५४ साली सिलोनकडे जाणाऱ्या जहाजावर त्यांना आवाज ऐकू येऊ लागले. आपल्याविरुद्ध कट शिजतो आहे अशी त्यांची खात्री झाली. परतल्यावर एरिक स्ट्रॉस या मानसोपचारतज्ज्ञांनी सारी हकीकत ऐकून घेतली आणि ही ब्रोमाइडची विषबाधा आहे हे ओळखले. औषध बदलताच आवाज थांबले. वॉ यांनी पुढे त्यावर कादंबरी लिहिली. आजीच्या खाटेशेजारचा तो प्रश्न मला येथे पुन्हा ऐकू आला.

७/ वॉ यांच्या मिश्रणातले दुसरे औषध, क्लोरल हायड्रेट, हे यूस्टुस फॉन लीबिख यांनी १८३२ साली तयार केले होते. ते झोप आणते हे ऑस्कर लीब्राइख यांनी १८६९ साली दाखवले. १९०३ साली एमिल फिशर आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी बार्बिटाल पुढे आणले आणि बार्बिट्युरेटांचे अर्धशतक सुरू झाले. ही औषधे अधिक सुबक, चवीला बरी आणि म्हणून ‘सुरक्षित’ वाटत. पण झोप आणणारी मात्रा आणि जीव घेणारी मात्रा यांत अंतर फार थोडे होते. मद्याची जोड मिळाली की तेही उरत नसे. १९६२ साली मेरिलिन मन्रो यांचा मृत्यू बार्बिट्युरेट आणि क्लोरल या दोहोंच्या अतिमात्रेने झाला.

८/ या कथेतले एक पान मुंबईचे आहे. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब आणि उन्माद या दोहोंवरील तिच्या परिणामाची नोंद प्रसिद्ध केली. १९४९ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचे आपले निष्कर्ष ब्रिटिश नियतकालिकात छापले आणि जगाचे लक्ष वेधले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढण्यात आले. ‘ट्रँक्विलायझर’ हा शब्द आधुनिक अर्थाने रूढ झाला तो याच औषधाच्या निमित्ताने. परंतु रिसर्पिन घेणाऱ्या काहींना खोल खिन्नता येते, असे रुग्णांच्या सांगण्यातून समोर आले आणि त्याचा मानसोपचारातील वापर ओसरला. ‘वनस्पतीचे, म्हणजे निरुपद्रवी’ हे समीकरण तेव्हाच मोडायला हवे होते. (सर्पगंधा घरच्या घरी घेऊ नये, हे ओघाने आलेच.)

९/ १९५५ साली अमेरिकेत मिलटाउन आले. त्याचे जनक फ्रँक बर्गर खरे तर पेनिसिलिन टिकवणारे रसायन शोधत होते. प्रयोगातले प्राणी शुद्ध न हरपता शांत होतात, हे त्यांना दिसले. वर्षभरात औषधाच्या दुकानांवर ‘मिलटाउन संपले आहे’ अशा पाट्या लागू लागल्या. चिंता हा दुकानात जाऊन सोडवण्याचा प्रश्न आहे, ही कल्पना येथे घट्ट झाली.

१०/ मग आले लिओ स्टर्नबाख. हे ज्यू रसायनशास्त्रज्ञ १९४१ साली युरोप सोडून अमेरिकेत पोहोचले होते. १९५७ साली त्यांच्या प्रयोगशाळेची आवराआवर चालू असताना बाजूला पडलेले एक संयुग सहकाऱ्याने चाचणीसाठी पाठवले. तेच १९६० साली लिब्रियम झाले. १९६३ साली व्हॅलियम आले. न्याय करायचा तर हे मोठे पाऊल होते. एकट्याने घेतल्यास या बेंझोडायझेपिन औषधांची अतिमात्रा बार्बिट्युरेटांच्या तुलनेत फारच कमी घातक ठरते. असंख्य जीव त्यामुळे वाचले. १९७८ साली अमेरिकेत व्हॅलियमच्या २०० कोटींहून अधिक गोळ्या विकल्या गेल्या.

११/ धोक्याची सूचना मात्र फार लवकर मिळाली होती. १९६१ सालीच लिओ हॉलिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की लिब्रियम मोठ्या मात्रेत दिल्यावर एकदम थांबवले तर थरथर, अस्वस्थता, निद्रानाश, क्वचित झटकेही येतात. ‘ते मोठ्या मात्रेत, नेहमीच्या मात्रेत नव्हे’ असे उत्तर पुढची पंधरा-वीस वर्षे पुरले. या काळात पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट स्त्रियांना ही औषधे लिहून दिली जात होती. गोळी सोडल्यावर त्रास होतो असे त्या सांगत, तेव्हा ‘मूळचीच चिंता परतली’ असे म्हणून तीच गोळी पुन्हा लिहिली जाई.

१२/ हे चित्र बदलण्यात रुग्णांच्या बोलण्याचा मोठा वाटा आहे. १९७९ साली अमेरिकी सिनेटमध्ये एडवर्ड केनेडी यांच्या पुढाकाराने झालेल्या सुनावणीत औषध सोडताना काय सोसावे लागले हे लोकांनी स्वतः सांगितले. लंडनमध्ये माल्कम लेडर यांनी नेहमीच्या मात्रेतही अवलंबित्व येते हे अभ्यासून दाखवले. न्यूकॅसलमध्ये प्राध्यापक हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षे केवळ या गोळ्या सोडवण्यासाठी दवाखाना चालवला. त्यांची पद्धत साधी होती : रुग्णावर विश्वास ठेवायचा, त्याची हकीकत पूर्ण ऐकायची आणि त्याला झेपेल त्या वेगाने मात्रा उतरवायची.

१३/ १९८८ साली ब्रिटनच्या औषधसुरक्षा समितीने स्पष्ट सल्ला दिला : तीव्र चिंता किंवा निद्रानाशासाठी ही औषधे दोन ते चार आठवड्यांपुरतीच. भारतात २०१३ साली ‘एच-१’ अनुसूची आली. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम तिच्यात आहेत. चिठ्ठीशिवाय विक्री नाही, आणि दुकानदाराने स्वतंत्र नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपायची. गोळ्यांच्या वेष्टनावरच्या लाल रेघेमागे आणि त्या नोंदवहीमागे हा सारा इतिहास उभा आहे.

१४/ आज डॉक्टरांपुढे पर्याय बरेच आहेत. दीर्घ चिंताविकारासाठी सहसा एसएसआरआय गटातील औषधे निवडतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि आरंभी अस्वस्थता थोडी वाढूही शकते. बेंझोडायझेपिन आजही उपयुक्त आहेत, पण थोड्या काळासाठी. दीर्घकालीन निद्रानाशावर पहिला उपचार गोळी नव्हे, तर निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धती, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली केली. अंथरुणात जागे पडून न राहणे, उठण्याची वेळ न बदलणे, अशा शिस्तीतून ती झोपेची घडी पुन्हा बसवते.

१५/ गेल्या वर्षी प्रबंधाच्या दिवसांत माझी स्वतःची झोप उडाली. पहिल्या ठिकाणी चार मिनिटांत चिठ्ठी हाती पडली. मीही काही सांगितले नाही. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना मात्र कागद लिहून नेला : झोप लागत नाही की मध्येच मोडते, किती दिवस, दिवसभरात चहा किती, मद्य घेते का, घोरते का, इतर कोणती औषधे (काढे आणि वनस्पतीही), घरात कोणाला असा त्रास, मनात काय घोळते. आणि चार प्रश्न : गोळीचे नाव काय? किती दिवसांसाठी? थांबवायची कशी? गोळीशिवाय काय करता येईल? त्यांनी कागद पूर्ण वाचला. आमचे बोलणे पंचवीस मिनिटे चालले. त्या दिवशी मला गोळीची गरज पडली नाही. एखाद्याला ती पडेल, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

१६/ इतिहासाचा विद्यार्थी भाकिते करत नाही. पण ब्रोमाइडपासून आजवर जवळजवळ प्रत्येक नवी गोळी आधीच्या गोळीपेक्षा निरुपद्रवी म्हणून आली, आणि तिचे खरे रूप कळले ते घेणाऱ्यांनी सांगितले आणि कोणीतरी ऐकले तेव्हा. म्हणून दोन विनंत्या. एक : हा धागा वाचून चालू गोळी एकदम बंद करू नका, त्यानेच माझ्या आजीची ती रात्र ओढवली होती. दोन : आज घरातल्या वडीलधाऱ्यांच्या डबीत काय आहे ते प्रेमाने विचारा आणि औषधांच्या यादीत लिहून ठेवा. जगणे नकोसे वाटण्याइतका त्रास असेल तर सकाळची वाट न पाहता १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर बोला.

आजीची डबी अजून देवघराच्या फळीवर आहे. आता तिच्यात पुन्हा कुंकू असते.

(धागा समाप्त. तुमच्या घरातली अशी ‘औषध नसलेली’ गोळी कोणती, ते जरूर लिहा.)