‘इन चेक’ ठेवायचं म्हणजे नक्की काय करायचं?

ज्यांचा इअरफोन घरी राहिलाय आणि लोकलमध्ये स्पीकर लावायची हिंमत नाही, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी अवतार. बोलताना केलेली थोडी बडबड गाळली आहे, बाकी तसंच.

सुरुवात माझ्याच फजितीपासून. नोकरीचं दुसरं वर्ष. अमेरिकेतल्या क्लायंटची मेल आली आणि तिच्यात माझ्या नावापुढे एकच ओळ होती: ‘प्लीज कीप द क्लाउड कॉस्ट्स इन चेक.’ आता मी दहावीपर्यंत मराठी माध्यमातला. चेक म्हणजे काय? तपासणे! मेल चेक कर, बॅलन्स चेक कर, गॅस बंद केलाय का चेक कर. मग मी रोज सकाळी दहाला डॅशबोर्ड उघडायचो, खर्चाचा आकडा एक्सेलमध्ये भरायचो आणि ती शीट सगळ्यांना पाठवायचो. एक दिवस चुकवला नाही. कुणीतरी टेस्टिंगसाठी सुरू केलेले मोठे सर्व्हर तसेच चालू होते, आकडा रोज वर चढत होता आणि मी तो इमानेइतबारे लिहून घेत होतो. महिनाअखेरीला बिल अडीच पट आलं.

कॉलवर मॅनेजरने विचारलं, ‘‘अरे, तुला रोज दिसत होतं ना? मग थांबवलं का नाहीस?’’

मी म्हटलं, ‘‘मला चेक करायला सांगितलं होतं, मी चेक करत होतो.’’

पलीकडे शांतता. त्या वर्षीच्या अप्रेझलमध्येही ती शांतता दिसली.

तर ‘कीप इन चेक’ म्हणजे आटोक्यात ठेवणं, लगाम घालणं. हे मला उशिरा कळलं. त्याहून उशिरा कळलेली आणि जास्त मजेशीर गोष्ट अशी, की या शब्दाचा ‘अडवणे’ हाच जुना अर्थ आहे. ‘तपासणे’ नंतर आला. आणि ही सगळी गोष्ट सुरू होते बुद्धिबळाच्या पटावर.

आपल्याकडचं चतुरंग, म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशा चार अंगांच्या सैन्याचा खेळ, इराणात जाऊन ‘चतरंग’ झाला. सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकला, तेव्हा त्यांनी तो उचलला आणि ‘शतरंज’ म्हणायला लागले. इराणी खेळाडू समोरच्याच्या राजावर चाल केली की ‘शाह!’ असं म्हणून सावध करायचा. शाह म्हणजे राजा. साधारण इ.स. १००० च्या आसपास खेळ युरोपात पोहोचला होता आणि सोबत हा शब्दही. लॅटिनमध्ये त्याचं ‘स्काक्कुस’ झालं, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’, आणि इंग्रजांनी पुढचा स्वर खाऊन केला ‘चेक’. त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून ‘चेस’ आला. म्हणजे चेस या खेळाचं नावच मुळात ‘अनेक शह’ असं आहे.

आता जरा पटाकडे बघा. शह बसला म्हणून राजा मरत नाही. पण त्या क्षणी तुमचे बाकीचे सगळे बेत थांबतात. वजीर कितीही भारी जागेवर असू दे, आधी राजाचं बघा. राजा हलवा, मध्ये मोहरा घाला नाहीतर शह देणाराच मारा. चौथा पर्याय नाही. समोरच्याला न मारता त्याचं स्वातंत्र्य काढून घ्यायचं! इंग्रजी माणसाने हीच कल्पना पटावरून उचलून बाहेर आणली. आधी ‘अचानक अडवणे’ आणि मग ‘काबूत ठेवणे’.

हा अर्थ रोजच्या इंग्रजीत आजही ठणठणीत आहे, फक्त आपण तो पटकन ओळखत नाही. ‘कीप युअर टेम्पर इन चेक’ म्हणजे राग आवर. ‘ही चेक्ड हिमसेल्फ’ म्हणजे त्याने स्वतःची तपासणी केली असं नाही, तो बोलता बोलता थांबला, जीभ आवरली. ‘द फायर स्प्रेड अनचेक्ड’ यात आग न तपासता पसरली नाही, बेलगाम पसरली. (जावा लिहिणाऱ्या मंडळींना ‘अनचेक्ड’ ऐकलं की भलतंच आठवतं, मला कल्पना आहे.) आणि हे खास: ‘आय विल चेक ऑन हिम’ म्हणजे जरा त्याची विचारपूस करतो. ‘आय अ‍ॅम अ चेक ऑन हिम’ म्हणजे त्याच्यावर माझा वचक आहे. एका ‘अ’ने काळजीवाहू माणसाचा पहारेकरी होतो.

अमेरिकेच्या राज्यघटनेबद्दलचं ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ शाळेत नागरिकशास्त्रात ऐकलं असेल. फ्रान्सच्या मोंतेस्क्यूने १७४८ मध्ये मांडलं होतं, की सत्तेला सत्तेनेच रोखलं पाहिजे. १७८७-८८ मध्ये मॅडिसन वगैरे मंडळींनी त्याच धर्तीवर नव्या घटनेची बाजू लावून धरली. राष्ट्राध्यक्षाने संसदेचा कायदा नाकारणं हा ‘चेक’ आहे, कारण त्याने कायदा खरोखर अडतो. राष्ट्राध्यक्ष रोज संसदेच्या कामाची एक्सेल शीट पाठवत बसला असता, तर त्याला कुणी चेक म्हटलं नसतं. हे वाक्य वाचून मला कोण आठवतं ते तुम्हाला कळलंच असेल.

मग ‘तपासणे’ आलं कुठून? इथे गोष्ट पैशाकडे वळते.

बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशेब एका मोठ्या टेबलावर व्हायचा. त्यावर रेघा आखलेलं काळं कापड पसरायचे आणि रकान्यांमध्ये सोंगट्या मांडून बेरीज-वजाबाकी करायचे. रोमन अंकांत वजाबाकी करून बघा, म्हणजे सोंगट्या का लागायच्या ते कळेल. ते कापड बुद्धिबळाच्या पटासारखं दिसायचं, म्हणून त्या खात्याला पटाचंच नाव मिळालं: ‘एक्सचेकर’. ब्रिटनचा अर्थमंत्री अजून ‘चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणवून घेतो. त्या खात्यातल्याच रिचर्ड फिट्झनील नावाच्या अधिकाऱ्याने ११७० च्या दशकात कामकाजावर पुस्तक लिहायला घेतलं. तो म्हणतो, इथेही लढाई दोघांतच असते, एकीकडे खजिनदार आणि दुसरीकडे जिल्ह्याचा वसुली आणणारा शेरीफ.

पावती म्हणून काय होतं? लाकडाची काठी. तिच्यावर रकमेच्या खाचा पाडायच्या, ती उभी चिरायची आणि एकेक अर्धं दोघांनी ठेवायचं. हिशेबाला दोन्ही अर्धी जुळली पाहिजेत. कुणी गुपचूप एक खाच वाढवली की चोरी लगेच उघडी. या जुन्या काठ्या १८३४ मध्ये निकालात काढायच्या म्हणून लंडनच्या संसदेतल्याच भट्ट्यांमध्ये जाळल्या, आणि आग अशी भडकली की संसदेची इमारतच जळाली. अनचेक्ड, दुसरं काय!

सांगायचा मुद्दा, फसवणूक अडवायची तर नोंद दुसऱ्या नोंदीशी ताडून बघावी लागते. सतराव्या शतकाच्या अखेरीस ‘चेक’ला ‘ताडून बघणे’ हा अर्थ चिकटला तो असा. म्हणजे तपासायचं ते अडवण्यासाठीच. अठराव्या शतकात कागदी हुंडीच्या मागे राहणाऱ्या स्थळप्रतीला ‘चेक’ म्हणायला लागले, कारण तिच्यामुळे खाडाखोडीला आळा बसायचा. हळूहळू तेच नाव फाडून दिलेल्या कागदाला मिळालं. इंग्रजांनी एक्सचेकरच्या नादाने त्याचं स्पेलिंग लांबवलं, अमेरिकनांनी साधंच ठेवलं. बँकेतला चेक, चेक्सचा शर्ट आणि चेकमेट ही तिन्ही भावंडं आहेत.

आपल्याकडे मात्र हा शब्द दोन वाटांनी आला. इंग्रजीमार्गे ‘चेक’ आला, पण त्याच्या कितीतरी आधी फारसीतून थेट ‘शह’ आला होता. आदिलशाहीतला शाह तोच. निवडणुका आल्या की पेपरात ‘शह-काटशह’ दिसतंच. आणि गंमत बघा, मराठीत ‘शह देणे’ म्हणजे कोंडी करणे, तर हिंदीत ‘शह देना’ म्हणजे फूस लावणे, पाठबळ देणे. अगदी उलट! खुद्द इराणात आज बुद्धिबळ खेळताना ‘शाह’ म्हणत नाहीत, ‘कीश’ म्हणतात. ज्यांचा शब्द त्यांनी सोडला, आपण धरून बसलोय.

जुना अर्थ आपल्या इंजिनिअरिंगमध्येही जिवंत आहे. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये ‘चेकनट’ लावायचो, नट सैल होऊ नये म्हणून. विहिरीतल्या पाइपाच्या तळाशी असतो तो फूट व्हॉल्व्ह, हा एक प्रकारचा ‘चेक व्हॉल्व्ह’च. पाणी वर जाऊ देतो, मागे येऊ देत नाही. ओढ्यावरचा ‘चेक डॅम’ पाण्याला अडवतो. हे सगळं मी चार वर्षं शिकलो, परीक्षेत आकृत्या काढल्या, आणि तरी मेलमधला ‘चेक’ मला कळला नाही.

सध्या माझ्या टीममध्ये एक छोटी स्क्रिप्ट चालते. खर्च ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की ती टेस्टिंगचे सर्व्हर स्वतःच बंद करते, मेल नंतर पाठवते. मी तिचं नाव ‘शह’ ठेवलंय. लखनौचा एक सहकारी पहिल्याच दिवशी विचारत होता, की ही नक्की कुणाला भडकवते?