मेल्या घोड्याचा सण

जहाजावरचे सण म्हटले की विषुववृत्तावरचा समारंभ प्रथम आठवतो. एक खलाशी दाढीमिशा लावून समुद्रदेव नेपच्यून बनतो आणि ती रेषा पहिल्यांदा ओलांडणाऱ्यांची हजामत करून त्यांना पाण्यात बुचकळतो. १८३२ च्या फेब्रुवारीत 'बीगल' जहाजावर तरुण चार्ल्स डार्विनच्या तोंडालाही असेच डांबर आणि रंग फासले गेले होते. गंमत खरी, पण इतिहास शोधणाऱ्याने गमतीपाशी थांबू नये. सण कोणी केला, कोणाच्या वेळात केला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे विचारावे.

असे विचारू लागलो, की एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश शिडाच्या जहाजांवरचा एक सण आम्हांस सर्वांत बोलका वाटतो. त्याचे नाव 'मेला घोडा'. खलाशाला कामावर घेताना महिन्याच्या पगाराची उचल चिठ्ठीने मिळे. ती बहुधा खाणावळवाला, दारूवाला आणि भरतीचा दलाल यांच्या घशात जाई. मग पहिला महिनाभर खलाशी राबे तो उचल फेडण्यासाठी. यालाच ते मेल्या घोड्यासाठी राबणे म्हणत. महिना भरला की कॅनव्हासचा घोडा शिवून त्यात पेंढा भरीत, गात गात डेकवर मिरवीत, शिडाच्या आडव्या वाशापर्यंत चढवीत आणि समुद्रात सोडून देत. उद्यापासूनची कमाई आपली, एवढाच त्या सणाचा अर्थ!

१८८० साली ब्रिटनच्या पार्लमेंटने या चिठ्ठ्यांवर बंदी घातली. १८८९ साली ती सैल करून महिन्याच्या पगाराइतकी उचल पुन्हा चालू दिली. कायदा झाला म्हणून घोडा मरत नाही, हे कामगारांस नवे नाही.

आमच्या मुंबई बंदरातही हा घोडा होता. नोकरीसाठी दलालाचा, सारंगाचा हात ओला करावा लागे आणि त्यासाठी कर्ज काढावे लागे. १९२२ साली सरकारने नेमलेल्या समितीने खलाशी-भरतीतील या लाचखोरीची चौकशी केली.

आणि सण? पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटींवर डेकवर रत्नागिरी व गुजरात किनाऱ्याचे खलाशी, भट्टीपाशी पंजाबी व पठाण, तर प्रवाशांच्या टेबलाशी गोवेकर, अशी वाटणी बराच काळ होती. रमजानचा रोजा आगवाल्याने भट्टीच्या धगीत पाळायचा. नाताळची रात्र गोवेकराने दुसऱ्यांच्या ताटात वाढण्यात घालवायची. नारळी पौर्णिमेला गावचे कोळी दर्याला नारळ वाहत, तेव्हा त्याच गावचा खलाशी परक्या पाण्यावर डेक घाशीत असे. म्हणूनच धोबीतलाव, माझगाव भागांतल्या गोवेकरांच्या कुडांना आम्ही मोल देतो. एकेका गावच्या माणसांनी वर्गणी काढून चालविलेली ही वसतिगृहे. तेथे बेकार खलाशाला पथारी मिळे आणि गावच्या देवळाचे फेस्त मुंबईतच साजरे होई. जहाजाने हिरावलेला सण त्यांनी किनाऱ्यावर एकजुटीने परत मिळविला.

सुट्टी ही कप्तानाची मेहेरबानी नव्हे, हक्क आहे, ही गोष्ट कागदावर यायला फार वर्षे लागली. १९३६ साली जिनिव्हा येथे खलाशांच्या पगारी रजेचा करार झाला. २००६ चा सागरी कामगार करार २०१३ साली अमलात आला आणि भारताने तो २०१५ साली मान्य केला. आठ तासांचा दिवस, आठवड्याला एक दिवस विश्रांती, सार्वजनिक सुट्ट्यांना विश्रांती, महिन्यामागे किमान अडीच दिवस पगारी रजा हे मान त्यात आहेत. भरतीसाठी खलाशाकडून दलाली घेण्यासही मनाई आहे.

तरीही दलालाला लाखो रुपये मोजून जहाज गाठणारी कोवळी पोरे आम्हांस आजही भेटतात. त्यांचे पहिले कित्येक पगार कर्जातच जातात. नेपच्यूनचा खेळ त्यांनी खुशाल खेळावा. पण तो मेला घोडा अजून बुडालेला नाही, आणि संघटनेवाचून तो बुडणार नाही, एवढे त्यांना कोणीतरी सांगितले पाहिजे.