अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलमधील खेळाडूंचे मोल आणि कामगिरी : एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना

खेळाडूचे मोल किती, हा प्रश्न व्यावसायिक क्रीडेच्या जन्माबरोबरच जन्माला आला. अमेरिकन फुटबॉलमध्ये या प्रश्नाला जे स्वरूप आले ते मात्र इतर खेळांहून बरेच निराळे आहे. हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडे कोल्हापुरात किंवा गोव्यात खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हाती घेऊन, प्रतिस्पर्ध्यांना अंगावर घेत, यार्डायार्डाने पुढे सरकण्याचा हा खेळ आहे. प्रत्येक बाजूचे अकरा खेळाडू एकाच क्षणी हालचाल करतात आणि काही सेकंदांत तो डाव संपतो. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक सर्वांच्या नजरेत भरतो. परंतु त्याला फेकीसाठी दोन-तीन सेकंदांची उसंत मिळवून देणाऱ्या पुढच्या फळीतील पाच जणांची नावे पुष्कळ प्रेक्षकांना ठाऊकही नसतात. क्रिकेट वा बेसबॉलमध्ये फलंदाज आणि गोलंदाज यांचा सामना बराचसा समोरासमोरचा असतो. येथे एकाची कामगिरी उरलेल्या दहांच्या कामगिरीत इतकी गुंतलेली असते की ती सुटी करून मोजणे दुष्कर ठरते.

या मूल्यमापनाचा इतिहास बहुधा आकडेशास्त्राच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखात तो दुसऱ्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. खेळाडू किती मोलाचा हे ठरण्यापूर्वी ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा हे ठरलेले असते. मोलाचे आकडे जेव्हा जेव्हा मोठ्या प्रमाणात बदलले, तेव्हा त्याचे कारण मैदानापेक्षा न्यायालयात आणि कामगार-करारात अधिक सापडते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

निवडीचा हक्क आणि बाजारपेठ

आज नॅशनल फुटबॉल लीग म्हणून ओळखली जाणारी संघटना १९२० साली ओहायो राज्यातील कँटन येथे निराळ्या नावाने स्थापन झाली. सध्याचे नाव तिने १९२२ मध्ये धारण केले. आरंभीच्या काळात खेळाडूचे मोल तिकिटांच्या विक्रीत मोजले जाई. १९२५ च्या नोव्हेंबरात इलिनॉय विद्यापीठाचे रेड ग्रेंज आपला शेवटचा महाविद्यालयीन सामना खेळून काही दिवसांतच शिकागो बेअर्स संघात दाखल झाले. त्यांचे व्यवस्थापक सी. सी. पाइल यांनी गल्ल्यातील हिस्सा मागितला आणि तो मिळवला. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर त्यांना पाहण्यास पासष्ट हजारांहून अधिक लोक जमले. त्यांनी किती यार्ड कापले हा प्रश्न त्या व्यवहारात गौण होता.

संघमालकांना अशी मोकळी बोली परवडणारी नव्हती. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ मध्ये मांडलेल्या प्रस्तावानुसार महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची संघांनी क्रमाक्रमाने निवड करायची आणि सर्वांत दुबळ्या संघाने प्रथम निवडायचे, असे ठरले. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातील रिट्झ-कार्लटन हॉटेलात हा पहिला 'ड्राफ्ट' झाला. नऊ संघांनी नऊ फेऱ्यांत ८१ खेळाडू निवडले. आपल्याकडे २००८ च्या आयपीएल लिलावामुळे खेळाडूंवर बोली लागणे परिचयाचे झाले आहे. ड्राफ्ट ही नेमकी त्याच्या उलट व्यवस्था आहे. लिलावात अनेक ग्राहक एका खेळाडूसाठी चढाओढ करतात. ड्राफ्टमध्ये एका खेळाडूला एकच ग्राहक उरतो. दुबळ्या संघांना बळ देणे हा हेतू खोटा नव्हता. पण वेतनावरील चढाओढ थांबवणे हाही त्याचा तितकाच खरा परिणाम होता. त्या वर्षी पहिल्या क्रमांकावर निवडले गेलेले शिकागो विद्यापीठाचे जे बर्वँगर या व्यावसायिक लीगमध्ये एकही सामना खेळले नाहीत. मालकांनी सर्वाधिक मोलाचा ठरवलेला पहिला खेळाडू त्या बाजारातच उतरला नाही, ही गोष्ट केवळ गमतीची म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

याच काळात एका मोठ्या समूहाचे मोल शून्य धरले गेले होते. १९३४ ते १९४५ या काळात लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. असा लिखित नियम नव्हता, आणि त्याची गरजही पडली नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेकडून खेळणारे केनी वॉशिंग्टन १९३९ मध्ये देशातील अग्रगण्य खेळाडूंत गणले जात होते, तरी १९३९ च्या डिसेंबरात झालेल्या ड्राफ्टमध्ये त्यांचे नाव कोणीही उच्चारले नाही. त्यांना करार मिळाला तो १९४६ मध्ये, रॅम्स संघाला लॉस एंजेलिसचे सार्वजनिक मालकीचे कोलिझियम मैदान हवे होते आणि तेथील कृष्णवर्णीय पत्रकारांनी तो प्रश्न लावून धरला तेव्हा. तोवर त्यांचे गुडघे दुखापतींनी निकामी होत आले होते. त्यांच्या तीन हंगामांच्या कामगिरीवरून त्यांचे मोल काढणे म्हणजे दुष्काळानंतरच्या पिकावरून जमिनीचा कस ठरवण्यासारखे आहे.

न्यायालयाची भूमिका १९५७ पासून महत्त्वाची ठरते. बिल रॅडोविच हे डेट्रॉइट लायन्स सोडून प्रतिस्पर्धी लीगमधील संघात गेले म्हणून पुढे त्यांची वाट बंद करण्यात आली होती. त्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मिळालेली मक्तेदारीविरोधी कायद्यातील सूट फुटबॉलला नाकारली. असे असले तरी खेळाडूंच्या हाती प्रत्यक्षात काही लागले नाही. १९६३ पासून लीगचे आयुक्त पीट रोझेल यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम लागू झाला. करार संपलेला खेळाडू दुसऱ्या संघाने घेतल्यास त्या संघाने आधीच्या संघाला भरपाई द्यावी, आणि दोघांत एकमत न झाल्यास भरपाई स्वतः आयुक्तांनी ठरवावी, असा तो नियम होता. भरपाई किती पडेल हे आधी कळत नसल्याने खरेदीदारच पुढे येईनात. स्पर्धा असली म्हणजे काय घडते हे त्याच सुमारास दिसले. १९६० मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन फुटबॉल लीगमुळे दोन ग्राहक निर्माण झाले आणि १९६५ मध्ये न्यूयॉर्क जेट्सने जो नेमथ यांच्याशी ४,२७,००० डॉलरचा करार केला. पुढच्याच वर्षी दोन्ही लीगनी विलीनीकरण जाहीर केले.

रोझेल नियमाला आव्हान देणाऱ्यांत अग्रणी होते बाल्टिमोर कोल्ट्सचे जॉन मॅकी. ते खेळाडू-संघटनेचे अध्यक्ष होते. १९७६ मध्ये अपिलाच्या न्यायालयाने हा नियम मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरवला. परंतु पुढील वर्षीच्या सामूहिक करारात संघटनेने भरपाईची पद्धत निराळ्या रूपात पत्करली, आणि न्यायालयात मिळवलेले तहात गेले. शिकागोचे वॉल्टर पेटन यांनी १९७७ मध्ये एका सामन्यात २७५ यार्ड धावण्याचा तत्कालीन विक्रम केला होता. १९८१ मध्ये त्यांचा करार संपला तेव्हा इतर एकाही संघाने त्यांना प्रस्ताव दिला नाही. कामगिरी आणि किंमत यांचा संबंध आपोआप जुळतो असे मानणाऱ्यांनी या एका उदाहरणाचा विचार करावा.

१९८२ चा सत्तावन्न दिवसांचा संप एकूण उत्पन्नाच्या ५५ टक्के वाट्यासाठी होता. १९८७ चा संप मालकांनी बदली खेळाडू मैदानात उतरवून मोडून काढला. अखेर फ्रीमन मॅकनील यांच्या खटल्याचा १९९२ मधील निकाल आणि पाठोपाठची रेगी व्हाइट यांची दावेदारी यांतून १९९३ चा करार आकारास आला. ठरावीक हंगाम पूर्ण केलेल्या खेळाडूला संघ निवडण्याचे स्वातंत्र्य मिळाले, आणि त्याच्या मोबदल्यात संघाच्या एकूण वेतनावर मर्यादा आली. १९९४ मध्ये ही मर्यादा ३.४६ कोटी डॉलर होती. २०२५ मध्ये ती २७.९२ कोटी डॉलर होती. या मर्यादेने वादाचे स्वरूपच पालटले. एकाला दिलेला डॉलर आता दुसऱ्याच्या ताटातून काढावा लागे. अमुक खेळाडू 'जास्त घेतो' ही भाषा प्रेक्षकांच्या तोंडी रुळली ती यानंतर. मालकाचा नफा या तक्रारीच्या हिशेबात सहसा येत नाही.

मोजणीची साधने

मोजणीचा इतिहास त्या मानाने थोडक्यात सांगता येईल. क्वार्टरबॅकच्या कामगिरीचे आजही वापरात असलेले गुणांकन १९७३ मध्ये स्वीकारले गेले. यशस्वी फेकींचे प्रमाण, प्रत्येक फेकीमागचे यार्ड, टचडाउन आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलेल्या फेकी या चार घटकांवर ते आधारलेले असून त्याची कमाल मर्यादा १५८.३ आहे. हा विचित्र आकडा का, हे स्वतः क्वार्टरबॅकांनाही समजावून सांगावे लागते. त्यात धावून मिळवलेले यार्ड नाहीत आणि चेंडू हातात असताना आडवे केले जाण्याचा दोषही नाही. क्वार्टरबॅकला असे आडवे पाडणे म्हणजे 'सॅक'. हा शब्द रूढ करणारे डीकन जोन्स १९७४ मध्ये निवृत्त झाले. वैयक्तिक सॅकची अधिकृत नोंद १९८२ पासून सुरू झाली. त्यामुळे ज्याने त्या कृतीला नाव दिले त्याच्या नावावर अधिकृत दप्तरात ती एकदाही नाही. मोजणी ज्या वर्षी सुरू होते, इतिहासही त्या वर्षापासून सुरू झाल्यासारखा भासतो; दप्तरांवर काम करणाऱ्या कोणाही अभ्यासकाला हा अनुभव नवा नाही.

अधिक खोल विचारही झाला होता. सिनसिनाटी बेंगल्सचे क्वार्टरबॅक व्हर्जिल कार्टर यांनी रॉबर्ट मॅकोल यांच्यासह १९७१ मध्ये एका संशोधनपत्रिकेत लेख लिहून मैदानावरील प्रत्येक स्थानाचे अपेक्षित गुणांत मूल्य काढले. आपल्या गोलरेषेजवळच्या पाच यार्डांची आणि प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेजवळच्या पाच यार्डांची किंमत एक नसते, हे त्यामुळे आकड्यांत मांडता आले. बॉब कॅरोल, पीट पामर आणि जॉन थॉर्न यांच्या १९८८ मधील ग्रंथाने हा विचार पुढे नेला. तरी पुढच्या फळीतील खेळाडूच्या कामाला साधा, सर्वमान्य आकडा अद्याप नाही.

ड्राफ्टच्या मोलाबाबतचा सर्वांत बोचरा निष्कर्ष अर्थशास्त्राकडून आला. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संघ पहिल्या काही निवडींना वाजवीपेक्षा फार महत्त्व देतात असे दाखवले. अव्वल निवडीतील खेळाडू सरासरीने चांगलाच असतो. पण त्याला मोजावी लागणारी किंमत लक्षात घेता उरणारा लाभ नंतरच्या निवडींत अधिक असतो. या चर्चेत २००० साली १९९ व्या क्रमांकावर निवडले गेलेले आणि पुढे सात अजिंक्यपदे मिळवणारे टॉम ब्रेडी यांचे उदाहरण हटकून येते. एका अपवादावरून नियम काढणे सयुक्तिक नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. या शोधाचा लाभ कोणाला झाला हेही पाहण्यासारखे आहे. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकावरील सॅम ब्रॅडफर्ड यांना सहा वर्षांसाठी ७.८ कोटी डॉलरचा करार मिळाला. २०११ च्या सामूहिक कराराने नवोदितांचे वेतन बांधून टाकले आणि त्या वर्षीच्या पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटन यांचा करार चार वर्षांसाठी सुमारे २.२ कोटींवर आला. मैदानावर त्या एका वर्षात काहीही बदलले नव्हते.

चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकबद्दलचा अलीकडचा वाद याच मुद्द्यापाशी येतो. धावण्यातून मिळणारे यार्ड बहुतांशी पुढच्या फळीचे श्रेय असतात, म्हणून रनिंग बॅक सहज बदलता येतो, असे विश्लेषकांचे म्हणणे आहे. त्यात तथ्य आहे. तथापि या खेळाडूचे सर्वोत्तम हंगाम बहुधा पहिल्या पाच-सहा वर्षांतच येतात. त्यांतील चार वर्षे बांधलेल्या करारात जातात आणि त्यापुढे संघ 'फ्रँचायझी टॅग' लावून त्याला आणखी एक वर्ष रोखू शकतो. २०२३ मध्ये या टॅगची रक्कम क्वार्टरबॅकसाठी सुमारे ३.२४ कोटी आणि रनिंग बॅकसाठी सुमारे १.०१ कोटी डॉलर होती. हे वेतन त्या स्थानावरील प्रचलित वेतनांवरून काढले जाते. म्हणजे दाबलेले वेतन पुढच्या वेतनाचे प्रमाण बनते. पिट्सबर्गचे लेव्हियन बेल यांनी २०१८ चा संपूर्ण हंगाम बाहेर बसून या व्यवस्थेला विरोध केला. न्यूयॉर्क जायंट्सने २०२३ मध्ये टॅग लावलेले सॅक्वॉन बार्कली मोकळे होऊन फिलाडेल्फियाला गेले आणि २०२४ च्या हंगामात २००५ यार्ड धावले. त्यांच्या संघाने अजिंक्यपदही जिंकले. फळी उत्तम होती म्हणून हे साधले असे एक पक्ष म्हणतो. त्याच फळीमागे आधीच्या धावपटूंना ते साधले नव्हते असे दुसरा पक्ष म्हणतो. या वादाचा निकाल लागेल असे वाटत नाही. मात्र ज्या वर्षांत खेळाडूचे मोल सर्वाधिक असते नेमकी तीच वर्षे बाजाराबाहेर ठेवायची आणि नंतर बाजाराने त्याचे मोल कमी ठरवले असे म्हणायचे, हा युक्तिवाद टिकणारा नाही.

शरीराचा ताळेबंद

खेळ संपल्यावरही हे मोजमाप थांबत नाही. ज्यांच्या नावाने रोझेल नियम कोसळला त्या जॉन मॅकी यांना पुढे स्मृतिभ्रंशाने ग्रासले. त्यांच्या पत्नीच्या पाठपुराव्यातून २००७ मध्ये लीग आणि संघटना यांनी अशा माजी खेळाडूंच्या शुश्रूषेसाठी योजना आखली. मॅकी यांच्या पोशाखावरील क्रमांकावरून ती '८८ योजना' म्हणून ओळखली जाते. मॅकी २०११ मध्ये निवर्तले. त्याआधी, २००२ मध्ये मृत्यू पावलेले माइक वेब्स्टर यांच्या मेंदूची तपासणी करून बेनेट ओमालू यांनी २००५ मध्ये डोक्यावरील वारंवार आघातांचा प्रश्न वैद्यकीय साहित्यात आणला होता. वेब्स्टर पुढच्या फळीच्या मध्यभागी खेळत. ज्या कामाला आकडा नव्हता त्या कामाची झीज अशा रीतीने प्रथम नोंदली गेली.

माजी खेळाडूंच्या सामूहिक दाव्यात २०१५ मध्ये न्यायालयाने तडजोड मंजूर केली. तिच्यात पुन्हा एक दरपत्रक होते. मज्जापेशींच्या ए.एल.एस. या विकारासाठी कमाल ५० लाख डॉलर, अल्झायमर वा पार्किन्सन्ससाठी ३५ लाख, स्मृतिभ्रंशाच्या तीव्र अवस्थेसाठी ३० लाख आणि त्याआधीच्या अवस्थेसाठी १५ लाख. वय वाढेल तशी आणि लीगमधील हंगाम कमी असतील तशी ही रक्कम घटत जाई. स्मृतिभ्रंश सिद्ध करण्यासाठी खेळाडूची बुद्धी पूर्वीपेक्षा किती घटली हे दाखवावे लागे, आणि पूर्वीची पातळी अंदाजाने धरावी लागे. हा अंदाज बांधताना वंशानुसार वेगवेगळे निकष लावले जात. कृष्णवर्णीयांची मूळ पातळीच कमी गृहीत धरल्याने चाचणीत तितकेच गुण मिळालेला श्वेतवर्णीय खेळाडू भरपाईस पात्र ठरे आणि कृष्णवर्णीय ठरत नसे. लीगमधील बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय असताना हे घडत होते.

नजेह डेव्हनपोर्ट आणि केविन हेन्री या दोन माजी खेळाडूंनी २०२० मध्ये याविरुद्ध दावा दाखल केला. जून २०२१ मध्ये लीगने हे निकष सोडण्याचे मान्य केले आणि मार्च २०२२ मध्ये न्यायाधीश अनिता ब्रॉडी यांनी वंशनिरपेक्ष निकषांना मंजुरी दिली. आधी नाकारल्या गेलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या चाचण्यांचे गुण त्यानंतर नव्याने काढण्यात येऊ लागले. उत्तरपत्रिका त्याच होत्या.