महोत्सवाला नाव वेरूळचं, रंगमंच शहरात: सरकारी पैशातून कला शिकायला मिळते का?

वेरूळ-अजिंठा महोत्सव म्हटलं की डोळ्यांसमोर कैलास लेणं येतं. महोत्सवाची सुरुवातही तिथेच झाली. पण अलीकडे तो छत्रपती संभाजीनगर शहरातल्या सोनेरी महालात भरतो. वेरूळपासून हे अंतर साधारण ३० किलोमीटर. शिवाय २०२३ चा महोत्सव सात वर्षांच्या खंडानंतर झाला होता. दुसरीतलं मूल तेवढ्यात नववीत जातं.

महोत्सवात मोठे कलाकार ऐकायला-पाहायला मिळतात, हे खरंच. पण शिक्षण म्हणून पाहिलं तर सरकारचं जास्त उपयोगी काम दुसरीकडे चालतं, ते म्हणजे राज्य नाट्य स्पर्धेत. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची ही स्पर्धा साठ वर्षांहून जुनी आहे.

तिचं गणित साधं आहे. हौशी संघ नाटक निवडतो, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र घेतो आणि आपल्या केंद्रावर प्राथमिक फेरीत प्रयोग करतो. निवडलेली नाटकं अंतिम फेरीत जातात. तिकीट नाममात्र असतं, त्यामुळे प्रेक्षकही तयार होतो. अभिनयासोबत दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना आणि रंगभूषेलाही बक्षिसं असतात. म्हणून दिवसा बँकेत किंवा शाळेत नोकरी करणारी माणसं संध्याकाळी दिवे लावायला शिकतात. कुठल्याही पदवीशिवाय!

रीतसर शिकायचं असेल तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे. तोही शहरातच.

मग अडतं कुठे? इमारतीपाशी. शहरातलं संत एकनाथ रंगमंदिर राज्य सरकारचं नाही, महापालिकेचं आहे. स्पर्धा एका यंत्रणेची आणि नाट्यगृह दुसरीचं, असं महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी दिसतं. हे रंगमंदिर दुरुस्तीसाठी मोठा काळ बंद होतं. नाट्यगृह बंद पडलं की प्रयोगच नव्हे, तालमींचा उत्साहही थंडावतो.

जर्मनीत सरकारी अनुदानावर चालणाऱ्या अनेक नाट्यगृहांमध्ये शाळांसोबत काम करणारे नाट्यशिक्षक पगारावर असतात. आपल्याकडे नाट्यगृह म्हणजे बहुतेकदा भाड्याने मिळणारं सभागृह. त्यामुळे मुलांना तिथवर आणण्याचं काम एखाद्या हौशी शिक्षकावर पडतं. वेरूळच्या शिक्षकासमोर तर आणखी रोखठोक प्रश्न असतो: रात्री प्रयोग संपल्यावर मुलांना घरी कसं पोहोचवायचं?

संचालनालयाची बालनाट्य स्पर्धा वेगळी होते. मुलांना पहिल्यांदा रंगमंचावर उभं करायचं असेल, तर ती जास्त सोयीची. दिव्यांग मुलांसाठीही स्वतंत्र बालनाट्य स्पर्धा आहे.